तांब्याच्या घागरीतली अंबील

परसात भाजीचा ढीग पडलेला असे आणि तो माझ्या धाकट्या भावापेक्षा उंच असे. मेथी, पालक, चुका, चाकवत, कांद्याची पात, तुरीच्या ओल्या शेंगा, वाटाणा, हरभऱ्याचे घाटे, वालपापडी, कोवळी वांगी… सगळं एकावर एक, दंवानं ओलं, मुळांना काळी माती तशीच चिकटलेली. त्या ढिगाभोवती बायका गोल बसत, शेंगा फोडल्याचा फटफट आवाज चाले, आणि हाताच्या बोटांना तुरीच्या सालींचा जो हिरवा, किंचित तुरट वास लागे, तो अंघोळ करूनही दुसऱ्या दिवशीपर्यंत जात नसे. वेळा अमावास्येचा आदला दिवस हा असा हिरव्या वासानं सुरू होई. आमच्या बाजूला या सणाला येळवस म्हणतात. मार्गशीर्षातली अमावास्या, ज्वारी हुरड्यात आलेली, हरभरा घाट्यांवर, आणि गावातली सगळी माणसं गाव रिकामं करून आपापल्या रानात देवाबरोबर जेवायला जाणार. देवासाठी म्हणून नव्हे, देवाबरोबर. हा फरक मला फार पुढे कळला. पण कळायच्या आधी तो मी जेवलेली होते.

आमचं गाव ठाणाकुशनूरच्या अलीकडे, बीदर जिल्ह्यात. राज्य निजामाचं. चावडीवर उर्दू चाले, बाजारात दखनी, बांधापलीकडच्या रानात कन्नड, आणि आमच्या घरात मराठी. यात कुणाला काही विशेष वाटत नसे. रान आमचं साडेसात एकर, सगळं काळं, एका बाजूनं ओढा. हे मी मुद्दाम नेमकं लिहिते, कारण मला अंदाजानं बोलणं आवडत नाही. मी मोजूनमापून संसार करणारी बाई आहे. मिठाचंसुद्धा माप ठरलेलं. हा गुण की खोड, जे काय असेल ते, मी अप्पांकडून घेतलं. अप्पा म्हणजे माझे वडील. बियाणं पेरायला काढताना ते मूठ मूठ मोजत, आणि भिंत सरळ आहे की नाही हे एक डोळा मिटून सांगत.

पण एका बाबतीत अप्पांकडे माप नव्हतं. ते देवाशी बोलत.

बोलत म्हणजे अगदी बोलत. आमच्या रानात बोरीच्या झाडाजवळ पाच दगड होते. पाच पांडव. थोड्या अंतरावर सहावा लहानसा दगड, ती द्रौपदी. येळवशीला त्यांना चुन्यानं पांढरं करायचं, वर कडब्याची खोप उभी करायची, खोपीवर शाल घालायची, हे सगळीकडेच होतं. पण बाकीची माणसं त्या दगडांना वर्षातून एकदा भेटत. अप्पांचं येणंजाणं रोजचं. औत सोडलं की जाता जाता थांबत आणि घरची हालहवाल सांगत. "म्हैस व्यालीया रात्री. रेडा झालाय, काय करता." किंवा, "गोदीला दात आलाय बघा, चावायलीय सगळ्यास्नी." गोदी म्हणजे मी. पाखरं कणसांवर पडली की ओरडा भीमाला: "भीमा, ही पाखरं हाईत का तुझे पाव्हणे? हाकल की जरा! नुसता बसलाईस!" पाऊस लांबला तर धर्मराजाला जाब विचारत, आणि पाऊस आला की त्याच धर्मराजापुढे नुसते उभे राहत, डोक्यावरचं पोतं निथळत असे… मला वाटे, सगळ्यांचेच वडील असे बोलत असतील.

मग बापूला ताप आला. बापू म्हणजे तोच धाकटा भाऊ, भाजीच्या ढिगाहून बुटका. मुदतीचा ताप; उतरायचं नाव घेईना. त्या दिवसांतलं मला फार आठवत नाही. दिव्याभोवतीचा औषधी काढ्याचा कडवट वास आणि मायनं मला शेजारी झोपायला पाठवलेलं, एवढंच. त्या काळात अप्पांनी देवाला शब्द दिला, की पोर वाचू दे, यापुढे तुझ्या सेवेत तिळाइतकी कसूर करणार नाही. पोर वाचलं. आणि अप्पा शब्दाला पक्के.

तेव्हापासून घरात सोवळं आलं. अप्पा पहाटे थंड पाण्यानं अंघोळ करत, सोवळ्याची लोकरी धाबळी नेसत, आणि देवापुढे बसून संस्कृत श्लोक म्हणत. ते त्यांनी एका पुराणिकाकडून पाठ करून घेतले होते. अर्थ त्यांना ठाऊक नव्हता आणि त्यामुळे भीती दुप्पट. एखादा शब्द अडखळला की पुन्हा पहिल्यापासून. आम्ही भुकेलेले, चुलीपाशी बसून ऐकत असू — अडखळले… पुन्हा पहिल्यापासून. देवासाठी तांब्याची वेगळी घागर आली. तिला कुणी शिवायचं नाही. बापूनं एकदा खेळता खेळता हात लावला तर घागर चिंचेनं घासून पुन्हा भरली गेली, आणि बापू दिवसभर स्वतःचा हात उलटसुलट करून बघत होता, त्याला काय लागलंय म्हणून.

माय माझी तोंडानं फटकळ. ती शेजारणीला म्हणाली, "पोराचा ताप उतरला वं, पर बापाला चढलाय."

मला खरं दुःख वेगळंच होतं. अप्पा दगडांपाशी थांबेनासे झाले. औत सोडून जाताना लांबूनच हात जोडत, खाली बघून, जसं चावडीसमोरून जाताना सगळे जात तसं. म्हैस व्याली, विहिरीला पाणी लागलं, माझा झोका तुटून मी पडले… यातलं एकही पांडवांना कुणी सांगितलं नाही. मला वाटे, ते विचारत असतील: हा माणूस आताशा येईना कामून?

त्या वर्षीची येळवस तर सुनी सुनीच गेली. आमच्याकडे एक रीत होती. आपल्या देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी बांधाच्या शेजाऱ्याला अंबिलीचं गाडगं द्यायचं आणि त्याचं आपण घ्यायचं. अंबील म्हणजे ज्वारीचं पीठ ताकात शिजवून, लसूण-कोथिंबीर घालून, रात्रभर मडक्यात मुरवलेली. गार, आंबूस, पिताना ओठांवर पांढरी मिशी उमटणारी. आमचे बांधशेजारी मल्लाप्पाकाका आणि त्यांची बायको नागक्का. कन्नड माणसं, मराठी बोलत, पण आपल्या पद्धतीनं. त्या वर्षी मल्लाप्पाकाका गाडगं घेऊन बांधावर आले तेव्हा अप्पा म्हणाले, "मल्लाप्पा, औंदा आमचं सोवळ्यात हाय." मल्लाप्पाकाकांनी "व्हय व्हय" म्हटलं, गाडगं तसंच घेऊन परत गेले. जाताना त्यांची पाठ मी बघितली. माणसाची पाठसुद्धा अपमान झाल्यासारखी दिसते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

आणि त्या दिवशी अप्पांनी "होलगे"सुद्धा नुसतं पुटपुटल्यासारखं म्हटलं. पूजा झाली की रानाभोवती फिरून पिकावर अंबील शिंपायची आणि मोठ्यानं ओरडायचं — "होलगे! होलगे!" त्याचा अर्थ विचाराल तर माय एक सांगेल, नागक्का दुसरा. पण आरोळी सगळ्यांची एकच, आणि साऱ्या शिवारात अप्पांची सगळ्यांत मोठी. ओढ्यापलीकडची माणसं म्हणत, यांचं झालं वाटतं, चला आपणबी करू. तो आवाज गेला. मला तो परत हवा होता. मी तेव्हा दहा वर्षांची. यापेक्षा मोठं मागणं माझ्याकडे नव्हतं.

पुढच्या वर्षी अप्पांनी सगळं यथासांग करायचं ठरवलं. हुमनाबादकडच्या एका शास्त्रीबोवांना बोलावणं गेलं. ते रानात येऊन पूजा सांगणार. आणि आदल्या दिवशी दुपारी माय अंबील शिजवून मडक्यात ओतणार, तोच अप्पा देवाची घागर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"ह्यात घाल."

"ह्यात?" मायनं पळी हवेतच धरली. "कल्हई न्हाई ह्याला."

"देवाच्या पाण्याची घागर हाय. हिच्याइतकं सोवळं घरात दुसरं काय हाय?"

"सोवळी हाय, कोण न्हाई म्हणतंय. पर ताक हाय ह्यात, आंबट. रात्रभर तांब्यात कळकंल, इख व्हईल."

"देवाच्या भांड्यात देवाचा निवद कळकतोय व्हय? मातीचं मडकं गावभर शिवाशिव होऊन आलेलं, ते चालंल, आन् हे न्हाई?"

माय "बरं" दोन प्रकारे म्हणायची. एक बरं म्हणजे बरं. दुसऱ्या बरंचा अर्थ, करा तुमच्या मनासारखं, मी सांगायचं सांगितलं. तिनं दुसरं बरं म्हटलं आणि सगळी अंबील घागरीत ओतली. वर स्वच्छ फडकं बांधलं. मी तिच्याकडे बघितलं तर ती ओठ घट्ट मिटून होती, पण डोळे हसत होते की काय, अशी मला शंका आली. माय म्हणे, मी हसले नव्हते. बापू म्हणतो, घागर पितळेची होती. तो तेव्हा फार लहान होता, घागर तांब्याचीच.

अमावास्येच्या सकाळी गाडी जुंपली. त्या सकाळची थंडी कानांच्या पाळ्यांना झोंबे, बैलांच्या नाकातून वाफ निघे, आणि वाटेवर पुढे-मागे गाड्याच गाड्या. घुंगरांचा एकच किणकिणाट, बायकांच्या डोक्यांवर दुरड्या, दुरड्यांवर पांढरी फडकी, आणि प्रत्येक फडक्याखालून वेगळा वास: भज्जीचा, खिरीचा, तिळाच्या पोळ्यांचा, ज्वारीच्या वाफवलेल्या गरम उंड्यांचा. भज्जी म्हणजे त्या हिरव्या ढिगाचं दुसऱ्या दिवशीचं रूप, बेसनाच्या पिठात घट्ट शिजलेलं. गावात मागे फक्त कुत्री राहत, आणि दुपारनंतर तीही रानात येत. त्यांनाही पत्ता ठाऊक होता.

आम्ही खोप उभी केली. मी पांडवांना चुना लावला. नकुल-सहदेवांना जरा जास्तच, कारण ते कायम मागे राहतात असं मला वाटे. सगळं मांडून झालं. आणि मग… वाट बघणं. शास्त्रीबोवा येईनात.

इकडे आजूबाजूच्या रानांतून धूर उठू लागले, दूध उतू जाऊ लागलं, आरोळ्या सुरू झाल्या. आधी ओढ्यापलीकडून, मग डावीकडून. आमच्या रानात मात्र घरची आणि गड्याच्या घरची मिळून सात-आठ माणसं भुकेली, एकमेकांकडे न बघता बसलेली. ऊन चढलं. घागर उन्हात होती. तिला सावलीत कोण ठेवणार, शिवायचं नाही ना.

"माय," बापू म्हणाला, "भीमाला भूक लागली असंल."

"बापाला इचार," माय म्हणाली. "त्यो भीमाच्या वतीनं बोलतोय आता."

अखेर एक गाडीवान निरोप घेऊन आला. शास्त्रीबोवांच्या गाडीचा आस ओढ्यात मोडलाय; तुम्ही आपली पूजा करून घ्या, मी मागून येतो. अप्पांचा चेहरा उतरला, पण ते उठले. धाबळी सारखी केली, पळसाचं पान मांडलं, श्लोक सुरू केला, अडखळले, पहिल्यापासून सुरू केला, आणि घागरीचं फडकं सोडलं.

वास आधी आला. मग आम्ही वाकून बघितलं. अंबिलीच्या कडेनं, तांब्याला लागून, हिरवंनिळं कडं आलं होतं… मोरपिसासारखं. खरं सांगायचं तर दिसायला सुंदर होतं. अप्पांनी बोटभर जिभेला लावलं आणि थुंकले. घागरभर अंबील कळकली होती. साऱ्या शिवारात सगळ्यांत सोवळी अंबील आमची, आणि ती कुत्र्यालाही घालता येणार नव्हती.

कुणी हसलं नाही. अप्पांनी वर बघितलं ते दगडांकडे नव्हे, आमच्याकडेही नव्हे. त्यांनी बापूकडे बघितलं. आणि तेव्हा, त्या एका बघण्यात, मला सगळं कळलं. इतके दिवस मला वाटत होतं अप्पा देवाला भितात. ते देवाला भीतच नव्हते. ते त्या तापाला भीत होते. जरा कुठे चुकलं की ताप परत येईल. श्लोक, घागर, सोवळं, सगळं त्या एका पोराभोवती घातलेलं कुंपण होतं. आणि आज कुंपण आतूनच कुजलेलं निघालं.

अप्पा मटकन खाली बसले. मग पांडवांकडे बघून म्हणाले — श्लोकाच्या आवाजात नव्हे, आपल्या आवाजात —

"आता काय करू, सांग की!"

माय खोपीमागून पुढे आली आणि जागच्या जागी थांबली.

"सगळं नीट केलं का न्हाई? चुकलो की पयल्यापासून म्हटलं. गार पाण्यानं अंघोळ केली थंडीचं. पोरानं हात लावला तर पोराला रागवलो. आन् तू हे करतूस?" आवाज चढत गेला. "बोलत का न्हाईस? आधी मी बोलायचो तवा तूबी बोलायचास. कशात तरी दिसायचास. आता मी हात जोडतोय आन् तू दगड झालाईस निस्ता! कुणाचं चुकलं? माझं का तुझं?"

एवढ्यात बांधाच्या पलीकडून "होलगे, होलगे" करत मल्लाप्पाकाका शिंपत येत होते, मागे नागक्का डोक्यावर मडकं घेऊन. आरोळी मध्येच थांबली. काका बांधावर उभे राहिले. पाय मात्र आमच्या बाजूला टाकला नाही. मागच्या वर्षीचं सोवळं त्यांच्या ध्यानात होतं.

"अण्णा, कुणासंगं भांडायलास?"

"ह्याच्यासंगं," अप्पांनी दगडांकडे हात केला.

मल्लाप्पाकाकांनी खांद्यावरचं घोंगडं सावरलं. "मग बरं झालं की," ते म्हणाले. "लई दिस झाले, तुमचं दोघांचं बोलणं बंद होतं. शेजाऱ्याला काय कळत न्हाई व्हय? माझ्या रानात ऐकू यायचं सगळं. म्हैस व्याली, दात आला… मलाबी बातमी मिळायची. आता कोण सांगणार?"

आणि नागक्का, जिला या सगळ्यातलं काही ठाऊक नव्हतं किंवा सगळं ठाऊक होतं, बांधावरूनच हाक मारून म्हणाली, "ऊटा आतेन्री?" म्हणजे, जेवण झालं का?

माय आधी हसली. पदर तोंडात कोंबला तरी हसू आवरेना. मग गडी हसला, मग मी. आणि अप्पा… अप्पांच्या तोंडातून आधी एक हुंदक्यासारखा आवाज आला, आणि तो मध्येच वळून हसणं झाला. डोळ्यांतून पाणी आणि तोंडावर हसू, असे ते धाबळीच्या टोकानं नाक पुसत बसले होते.

"मल्लाप्पा," ते म्हणाले, "अंबील हाय का तुझ्यात?"

"हाय की. पर मडक्यातली हाय."

"असू दे."

"पोरं पिली त्यातली. उष्टी हाय."

"आण म्हटलं की गा! का हात जोडू?"

मल्लाप्पाकाका बांध ओलांडून आले. अप्पांनी मडक्यात वाटी बुडवली, आधी धर्मराजाच्या दगडावर ओतली, मग अर्जुनावर, मग भीमावर. "घे. उष्टी हाय, शेजाऱ्याची हाय. राग आला तर माझ्यावर काढ, पोरावर न्हाई. आन् भीमा, हळू पी जरा, मागं माणसं उपाशी हाईत." पांढरी अंबील पांढऱ्या चुन्यावरून ओघळत काळ्या मातीत जिरत होती. बापूला कुणी सांगितलं नव्हतं, तरी तो नकुल-सहदेवांना भरवत होता, आणि एक घोट त्यांना, एक स्वतःला, असा त्याचा हिशेब चालला होता. अप्पांनी बघितलं. रागवले नाहीत. हात बापूच्या डोक्यावर ठेवला. कपाळावर नव्हे, ताप बघायला नव्हे, नुसता डोक्यावर.

मग दूध उतू घातलं. लहानशा बोळक्यात दूध, खाली गोवऱ्या, आणि दूध ज्या अंगाला उतू जाईल त्या अंगानं पुढच्या वर्षी पाऊस. ते सगळ्याच अंगांनी उतू गेलं. हे मी वाढवून सांगत नाही. मायला विचारून खात्री केलेली आहे. ती म्हणाली, जाळ जास्त झाला होता.

आणि मग अप्पा उठले, मडकं उचललं, कडुलिंबाचा डहाळा घेतला, आणि ओरडले, "होलगे!" पहिला आवाज फाटका निघाला, गंजलेल्या कडीसारखा. दुसरा त्याहून बरा. तिसऱ्याला ओढ्यापलीकडून कुणीतरी उलट आरोळी दिली, आणि मग मल्लाप्पाकाकांनी, आणि मग कुणी कुणाला देत होतं ते कळेना. मी अप्पांच्या मागे पळत होते. तुरीच्या झुडपांवर अंबिलीचे थेंब पडत, पानं हलत, कणसांतून पाखरं उडत, आणि अप्पा मध्येच थांबून ज्वारीच्या एखाद्या ताटाला हात लावून म्हणत, "वाकू नको, वाकू नको, बघितलंय मी तुला." साडेसात एकर रान इतकं लहान मला पुन्हा कधी वाटलं नाही.

आम्ही जेवलो ते दोन घरांची पानं एका रांगेत मांडून. आमची भज्जी, त्यांची अंबील. माय नागक्काला घागरीची गोष्ट हातवारे करून सांगत होती आणि नागक्का "अय्यो, अय्यो" म्हणत मांडीवर थापा मारत होती. दुपार कलताना शास्त्रीबोवा आले, धुळीनं माखलेले, दमलेले, हातात जोडा. अप्पा धावत सामोरे गेले, हात जोडून सगळं सांगितलं, घागरीसकट, भांडणासकट, उष्ट्यासकट. मला वाटलं, आता काहीतरी प्रायश्चित्त निघणार. शास्त्रीबोवांनी ओघळ आलेले पाच दगड बघितले, भीमाच्या डोक्यावर बसून अंबील चाटणारी खार बघितली.

"पूजा झालेलीच दिसते," ते म्हणाले. "मला जरा सावली आणि हुरडा द्या. सकाळपासून पोटात काही नाही."

त्यांच्या वेगळ्या सोवळ्याला सांभाळून मायनं हुरडा भाजायची आगटी वेगळी पेटवली, आणि त्या माणसानं इतका हुरडा खाल्ला, की मल्लाप्पाकाका मला हळूच म्हणाले, "गोदक्का, ह्यो सहावा पांडव."

संध्याकाळी कडब्याच्या पेंढीचा पेटता हेंडगा घेऊन गडी रानातून पळाला, गाड्या घराकडे वळल्या. बापू अप्पांच्या मांडीवर झोपला. घरी आल्यावर मायनं ती घागर चिंच लावून घासली, घासताना काहीतरी गुणगुणत होती. दुसऱ्या दिवसापासून घागरीत पुन्हा पाणी भरलं गेलं, पण ते सगळेच पीत.

अप्पांनी पूजा सोडली असं कुणी समजू नये. अंघोळ, दिवा, फूल हे शेवटपर्यंत चाललं. श्लोक मात्र दोनच राहिले, जे त्यांना अडखळल्याशिवाय येत. आणि अडखळले तरी पुढे जात. चुकलं, असं देवालाच सांगून टाकत. म्हातारपणी त्यांना ऐकू कमी येऊ लागलं, तेव्हा ते देवाशी इतक्या मोठ्यानं बोलत की आमच्या घरातलं सगळं गल्लीला कळे. मी माहेरी गेले होते तेव्हा माय म्हणाली, "हळू बोला की जरा! माझ्या गुडघ्याचं दुखणं सगळ्या गावाला कशाला?" अप्पा म्हणाले, "त्यालाबी कमी ऐकू यायलंय आता. माझ्याच वयाचा हाय की त्यो."

निजामाचं राज्य गेलं, पुढे राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या. माझं सासर उदगीर महाराष्ट्रात राहिलं, माहेरचं रान कर्नाटकात गेलं. मी संसाराला लागले. देवपूजा मी करते, थोडी, नेमानं. पण खरं सांगते, अप्पांसारखं बोलायला मला कधी जमलं नाही. लाज वाटे. मोजणारं माणूस, उत्तर येईल की नाही याचा हिशेब आधी करतं.

अप्पा गेले त्या वर्षीच्या येळवशीला मी मुद्दाम गेले. बापूनं खोप उभी केली होती. सगळं मांडलेलं, आणि कुणालाच सुरुवात करता येईना. इतक्यात बांधावरून मल्लाप्पाकाका आले, खूप म्हातारे झालेले, काठी टेकत. कुणाशी न बोलता ते पांडवांपुढे बसले आणि कन्नडमधून हळूहळू काही सांगू लागले. मला निम्मं समजलं. अण्णा आता येणार नाही, एवढं नक्की समजलं. कधी गेला, कसा गेला, शेवटी काय खाल्लं, कोण कोण जवळ होतं, सगळं सांगितलं. मग थोडा वेळ थांबले. वाईट बातमी सांगितल्यावर समोरच्याला सावरायला वेळ द्यावा, तसे.

मग माझ्याकडे वळले. "आता तू बोल, गोदक्का."

"मी काय बोलू, काका? मला नीट कन्नड कुठं येतं?"

"अण्णा काय कन्नड बोलत होता?" ते म्हणाले. "मराठी कळतं की ह्यास्नी. सवय हाय."

बापू बघत होता, त्याची पोरं बघत होती. मी पुढे झाले, बसले. घसा साफ केला. मग म्हटलं, "थोरली माझी शाळेत शिकवतीया आता. धाकट्याला नोकरी लागंना झालीय. मायच्या गुडघ्याला काय उतार न्हाई." आणि मग, आजूबाजूला बघून, जरा मोठ्यानं: "आन् औंदा तुरीवर अळी लई हाय. ध्यान असू द्या."